जावाचं पासिंग : वहीतली पानं

गाडी: जावा २५०, म्हैसूरची, १९७० सालची. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, सहा व्होल्ट. आधी मामांची, २०१९ पासून माझ्या नावावर. कार्डावरची मुदत १७ मार्च २०२५.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळी संपली, पाहुणे गेले, पडवी रिकामी झाली. दीड वर्ष पाच पोत्यांत आणि दोन बिस्किटांच्या डब्यांत राहिलेली गाडी आज एकदाची दोन चाकांवर उभी आहे. चासी, चिमटा, स्टँड, सगळं पावडर कोटिंग करून आणलंय. दिसायला झकास. मामा काठी टेकत आले, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "नवरी सजली. आता नांदेल का बघ."

पासिंगचा, म्हणजे नोंदणीची मुदत वाढवून घेण्याचा, अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून भरता येतो. म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत हात मोकळे आहेत.

व्हिंटेजमध्ये का टाकत नाहीस, असं दोघा-तिघांनी विचारलं. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची दुचाकी त्यात बसते, आणि ही बसतेच. पण तिथे एकदा शिक्का पडला की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरताच रस्ता. मला हिच्यावरून भाजी आणायची आहे. साधं पासिंगच करणार.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. तिथला पहिला धडा असा, की नग तपासायच्या आधी तपासणी तपासायची. एकच नग एकाच माणसाने दहा वेळा मोजला आणि दहा आकडे आले, तर नगाबद्दल बोलूच नये. आरटीओचे साहेब गाडी एकदाच बघणार, पाच-दहा मिनिटं. ही गाडी दहापैकी सात वेळा नीट वागते. त्या दिवशी ती सातातली निघाली तर पास, तिनातली निघाली तर नापास. पास झाली तरी उरलेल्या तिनांचं काय? म्हणून ही वही. रकाने: थंड किका, गरम किका (इंजिन थंड किंवा गरम असताना सुरू व्हायला किती लागल्या), ब्रेक, व्होल्ट.

१० नोव्हेंबर, रविवार

कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता, सकाळी सात. रस्त्यावर खडूची रेघ मारली. मीटरवर चाळीस, रेघ आली की दोन्ही ब्रेक, थांबल्यावर टेप. पाच वेळा.

१९.४ मीटर, २३.१, २०.२, २४.०, १८.३.

सरासरी बरोबर एकवीस. सरासरी वाईट आहे, पण त्याहून वाईट म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांतलं जवळपास सहा मीटरचं अंतर. तोच रस्ता, तोच माणूस, तोच वेग. एक म्हैस मावते मध्ये. पुढचा ब्रेक दाबला की मूठ धडधडते, सोडते, पुन्हा धरते. ड्रम गोल नाही.

किका: थंड ३. गरम ११, आणि शेवटी ढकलूनच.

१७ नोव्हेंबर, रविवार

पुढचं चाक उतरवलं. जुने लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) मूळचे असावेत, म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. मिस्त्री हसले. "चाळीस वर्षं फुंकतोय मी." तेही खरं, आणि त्यांना खोकला आहे तोही खरा.

खडूची परीक्षा घेतली. ड्रमच्या आतून खडू फासायचा, चाक बसवून ब्रेक हलका धरून चार फेरे द्यायचे, परत उघडायचं. लायनरला जिथे खडू लागला तिथेच तो ड्रमला टेकतो. माझ्या लायनरला दोन टोकांना बोटभर पांढरं आणि मधला सगळा भाग कोरडा काळा. म्हणजे एवढे दिवस गाडी चार बोटांवर थांबत होती.

ड्रमचं माप सहा ठिकाणी घेतलं. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यांत ०.३५ मिलिमीटरचा फरक. आपल्याला वाटतं केसाएवढा. मुठीला मात्र तो हातोड्यासारखा लागतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. लेथवाला बंद. बोटाला शाई, हाताला ग्रीस.

२३ नोव्हेंबर, शनिवार

लेथवाल्याशी वाद. तो म्हणे, आरे काढून नुसता हब आण, मला धरायला सोपं जातं. मी म्हटलं, अख्खं चाकच लेथवर चढव. आरे ताणले की हब थोडा ओढला जातो आणि ड्रम तेवढा लंबगोल होतो. आरे काढून गोल केलेला ड्रम आरे बांधल्यावर परत तिरका. म्हणून आधी आरे ताणायचे, रिमचा आउट (डगमग) काढायचा, मग ड्रम कापायचा. शेवटी त्याच्या वडिलांनी आतून आवाज दिला, "त्यो बरोबर बोलतोय." जुन्या मोठ्या लेथवर चाक चढलं. सोळा इंची रिम म्हणून मावलं तरी. एकोणीस इंची बुलेटचं असतं तर परत पाठवलं असतं.

कापताना आवाज ऐकण्यासारखा होता. आधी खर्र... गप्प... खर्र... गप्प. चौथ्या कटला सलग सूर लागला. तिथे थांबलो.

नवे लायनर चिकटवून घेतले आणि त्यांचा गोल ड्रमच्या नव्या मापाला घासून जुळवला. परत खडू: आता तीन-चतुर्थांश पांढरे. चालेल, बाकीचं रस्त्यावर बसेल.

१ डिसेंबर, रविवार

शंभर किलोमीटर चालवून ब्रेक बसवले. तोच रस्ता, तीच रेघ.

१३.९, १३.२, १४.१, १३.४, १३.६.

सरासरी १३.६ आली याचा आनंद आहेच. खरा आनंद पाचही आकडे एका मीटरच्या आत आल्याचा. आता ही गाडी काय करेल ते सांगता येतं.

१५ डिसेंबर, रविवार

फजिती. मोबाइल हँडलला बांधून जीपीएसवर वेग बघितला. मीटरवर चाळीस असतात तेव्हा प्रत्यक्षात छत्तीस. महिनाभर ‘चाळीसला’ म्हणून जे लिहिलं ते सगळं छत्तीसचं आहे. क्वालिटीचा माणूस आणि मोजपट्टीच तपासली नाही. कंपनीत कोणाला सांगणार नाही.

एक फायदा: छत्तीस म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर. आधीचा मंदावण्याचा दर २.४, आताचा ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. नव्या डिस्कच्या गाड्या याच्या दीडपट-दुप्पट सहज काढतात. पुढच्याच्या मागे चिकटून चालवायची ही गाडी नव्हे, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

२२ डिसेंबर, रविवार

दिवा. हेडलाइट लावला की काजवा बरा वाटतो. मामा म्हणतात, "सहा व्होल्टचा असाच असतो, चांदण्यात चालवायची." पटलं नाही. बॅटरीवर ६.२ व्होल्ट, बल्बवर ४.९. १.३ व्होल्ट वाटेतच गळतंय. बारा व्होल्टच्या गाडीत एवढी गळती झाली तर दिवा जरा पिवळा पडतो. इथे तो पाचवा हिस्सा आहे. शिवाय बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. हिशोब केला तर उजेड निम्म्याहून कमी.

वायर नवी, होल्डर नवा, बटण साफ. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थला आणि दुसरं हेडलाइटच्या डब्याला लावलं: ०.९ व्होल्ट. जिथे शून्य हवं तिथे ०.९. अर्थच मिळत नव्हता. या गाडीत परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड, आणि त्या लोखंडावर मी पैसे मोजून प्लॅस्टिकचा थर भाजून आणलाय. पावडर कोटिंग म्हणजे दुसरं काय? जिथे जिथे बोल्ट लोखंडाला टेकायचा, तिथे तिथे आता तो रंगाला टेकतो.

बोल्टांच्या बुडाखालचा रंग खरवडला, दातेरी वायसर टाकले, आणि वर हेडलाइट, हॉर्न आणि मागच्या दिव्यापासून थेट बॅटरीपर्यंत वेगळी अर्थची वायर ओढली. बल्बवर ५.८. हॉर्नही एकदम खणखणीत झाला. इतके दिवस त्याला सर्दी झाल्यासारखं वाटायचं. खर्च: वायर आणि वायसरचे किरकोळ.

पावडर कोटिंगवर राग निघालाय तेवढा निघू दे.

५ जानेवारी २०२५, रविवार

गरम किक. हाच तो तिनातला आजार. थंडीत पहाटे दोन किकांत उठणारी गाडी वीस मिनिटं चालवून बंद केली की रुसते. चौदा किका, नऊ किका, एकदा भर चौकात ढकलत. आणि आरटीओत नेमकं तेच होणार: गाडी चालवत न्यायची, बंद करून रांगेत लावायची, साहेब आले की सुरू करून दाखवायची.

मिस्त्री म्हणाले कॉइल. शेजारचा म्हणाला कार्ब्युरेटर. मामा म्हणाले पेट्रोल. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल घालतात, पूर्वीचं राहिलं नाही. (त्यातलं थोडं खरं आहे. पेट्रोलच्या कॉकचं बुचाचं वायसर फुगून मऊ पडलं होतं, बदललं. पण त्याचा गरम-थंडशी संबंध नाही.)

सगळं एकदम बदललं की गाडी सुरू होते, पण काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो. म्हणून एकावेळी एकच. मिस्त्रींना ही पद्धत अजिबात आवडत नाही. तीन वेळा तेच झाकण उघडायचं म्हणजे त्यांना अपमान वाटतो.

अंधार पडल्यावर उजवं झाकण काढून पॉइंटकडे, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांकडे, बघत बसलो. थंड इंजिनाला किक मारली तर पॉइंटवर जेमतेम ठिणगी, प्लगवर निळी, जाड, टचकन आवाज. वीस मिनिटं फिरवून आणली, परत बघितलं. आता पॉइंटच्या मध्ये पिवळी ठिणगी नाचतेय आणि प्लगवर केसासारखी बारीक. चित्र पूर्ण उलटलं. कंडेन्सर. पॉइंट उघडताना जी वीज त्याने गिळायची, ती गरम झाल्यावर तो गिळत नाही. मग ती पॉइंटवरच जळते आणि कॉइलला धक्का बसत नाही. बिचारा बसवलाय तरी कुठे, डायनॅमोच्या शेजारी, इंजिनाच्या उबेत.

नवा कंडेन्सर आत बसवलाच नाही. टाकीखाली कॉइलजवळ, वाऱ्याला, जीपचा जाडजूड लावला. पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर. कॉइल तीच.

६ ते १३ जानेवारी

रोज कामावर गाडी नेली. गरम किका: २, १, १, ३, १, २, १, १. मिस्त्रींना दाखवलं. "मी म्हटलंच होतं करंट आहे म्हणून," म्हणाले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मामांना मागे बसवून देवळात. तिळगूळ घेऊन परत येताना म्हणाले, "आता दोन्ही सायलेन्सर एका सुरात बोलतात." हा शेरा कुठल्या रकान्यात लिहायचा?

१८ जानेवारी, शनिवार

काल ऑनलाइन फॉर्म २५ भरला. फी हजार रुपये. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचा पर्यावरण कर दोन हजार. विमा थर्ड पार्टी. सगळं भरून झाल्यावर लक्षात आलं, पीयूसी संपलीय.

पीयूसीची गंमत सांगण्यासारखी आहे. ३१ मार्च २००० च्या आधीच्या दुचाकीला मर्यादा अशा: कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के, हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम. जावासारख्या टू-स्ट्रोकची बोंब दुसऱ्या आकड्यात. सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण शिरतं तेव्हा धूर बाहेर जायचा दरवाजाही उघडाच असतो, त्यामुळे थोडं न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरात जातं. तो दोष माझ्या गाडीचा नाही, जातीचा आहे.

सकाळी नऊला, घरून दोन मिनिटांवरच्या व्हॅनमध्ये: ९,६४० पीपीएम, नापास. पंधरा किलोमीटर फिरवून साडेनऊला त्याच व्हॅनमध्ये, त्याच पोऱ्याकडे, त्याच सायलेन्सरात नळी: ८,१०० पीपीएम, पास. स्क्रू फिरवला नाही, काही बदललं नाही, इंजिन तापलं एवढंच. पोऱ्या म्हणाला, "काका, आधीच तापवून आणायची ना." सहा महिन्यांचं प्रमाणपत्र हातात आलं.

ते खिशात असूनही दुपारी सायलेन्सरच्या आतल्या नळ्या ओढून काढल्या. कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवून ठेवतोय. चहा पावडरीच्या गाळासारखा काळा चिखल निघतोय. पेट्रोलमध्ये ऑइल आता मापानेच घालायचं, लिटरला चाळीस मिली. "राहू दे थोडं जास्त, इंजिनाला बरं" ही मामांची सवय माझ्याही हातात शिरली होती.

२० जानेवारी, सोमवार

साफ नळ्या घालून, गरम इंजिन, तीन वेळा नळी लावायला पोऱ्याला चहा पाजला: ६,९००, ७,०५०, ६,८५०.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आरटीओ. नापास. आणि कशावर? जे कधी वहीत आलंच नाही त्यावर.

मैदानात रांगेत साडेअकरा वाजले. साहेब तरुण, तिशीचे. "जावा ना? माझ्या आजोबांकडे होती म्हणतात." मग गाडीच्या दोन्ही बाजूंनी बघून, "किक कुठाय?" गिअरचा दांडा आत दाबून उभा फिरवला आणि त्याचीच किक करून दाखवली. आजूबाजूचे पाच-सात जण जमले. पहिल्या किकला सुरू. मी मनातल्या मनात गरमचा रकाना भरला: १.

हॉर्न, दिवा, मागचा ब्रेकलाइट, आरसा. सगळ्यावर बरोबरच्या खुणा. मग ते हँडलखाली वाकले, चासीच्या मानेवरचा नंबर बघायला. अंगठ्याने पुसलं. मोबाइलची बॅटरी लावली. कागद ठेवून पेन्सिल घासली.

"कार्डावर शेवटून दुसरा तीन आहे. इथे आठ येतोय."

मी वाकून बघितलं. आठ. चक्क आठ. पोटात गोळा आला. तीन महिने ब्रेकचे सेंटिमीटर मोजत बसलो आणि स्वतःच्या चासीचा नंबर कार्डाशी ताडून बघितला नाही.

"साहेब, पावडर कोटिंग केलंय, त्याने भरला असेल."

"असेलही. पण मला दिसतंय त्यावर सही करावी लागते. साफ करून आणा." जाता जाता परत वळले. "घासू नका हं. ग्राइंडर, फाइल काही नको. घासून चकाकवून आणला तर मी हातच लावणार नाही."

माणूस शंभर टक्के बरोबर. चासी नंबर जुळत नसेल तर ब्रेक कितीही चांगले असोत, ती गाडी कोणाची हाच प्रश्न आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

मामांना सांगायला नको होतं. रात्रभर झोपले नाहीत. "म्हणजे मला चोराची विकली म्हणतोस? नवीकोरी घेतलीय मी, हार घालून." पहाटे ट्रंक उघडून जुनं पुस्तकी आरसी काढून बसले. शाईने लिहिलेला नंबर, शेवटून दुसरा तीन. "हा बघ. हा आठ आहे का? सांग ना."

८ फेब्रुवारी, शनिवार

रंग काढायचं पातळ औषध, कानातला कापूस, लाकडी दातकोरणी. औषध लावायचं, वरून प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवायचा, दहा मिनिटं थांबायचं. थर सुरकुततो, मग दातकोरणीने आकड्याच्या खाचेतून हळूच उचलायचा. पितळी ब्रशसुद्धा शेवटी, हलक्या हाताने. एकेका आकड्याला अर्धा तास.

‘तीन’ उघडला तेव्हा कळलं काय झालं होतं. तिनाची डावी बाजू उघडी असते. वरची आणि खालची दोन टोकं मधल्या टोकाजवळ येतात. भट्टीत पावडर वितळली, तिथे साचली आणि टोकं एकमेकांना जोडून टाकली. नखाएवढ्या जागेत तिनाचा आठ. खाली मूळचा ठसा तसाच, कडा धारदार, बुडाशी म्हैसूरचा काळा रंग अजून शिल्लक.

मामांना भिंग दिलं. बराच वेळ बघत होते. मग भिंग परत देत म्हणाले, "साहेबाला सांग, मामांनी तीनच घेतला होता."

पारदर्शक लॅकरचा एक पातळ हात दिला, गंज नको म्हणून.

१ मार्च, शनिवार

नवी तारीख सहा मार्च. त्याआधी सगळं शेवटचं तपासताना मागचं चाक धरून आडवं हलवलं आणि टक् असा आवाज आला. मागच्या फोर्कच्या बुशला झोल (ढिलेपणा). चाकाच्या कडेला मोजला तर दीड मिलिमीटर. चार महिने समोर होता. सरळ रस्त्यावर कळत नाही, वळणावर गाडी जरा उशिरा ऐकते तेवढंच. मी त्याला जुन्या गाडीचा स्वभाव समजत होतो.

बुश इथे मिळत नाहीत. कुरियरने मागवलेत, आठ तारखेपर्यंत येतील.

६ मार्च, गुरुवार

पास.

साहेब तेच. चासी नंबर पहिल्या नजरेत वाचला, पेन्सिल घासली, कार्डाशी ताडला, मान हलवली. वीस-एक मीटर चालवून ब्रेक मारायला सांगितलं. दिवा, हॉर्न, इंडिकेटर नाहीत याची विचारपूस. १९७० च्या या मॉडेलला ते नव्हतेच, म्हणून हाताने इशारे करून दाखवले, त्यांनी हसून खूण केली. घड्याळाने सात मिनिटं. पुढची पाच वर्षं.

मागचं चाक त्यांनी हलवून बघितलं नाही. मी सांगितलं नाही.

हे लिहिताना हात अडखळतोय, पण वहीत खोटं कशाला. रांगेत माझ्यामागे चाळीस गाड्या होत्या, मुदत अकरा दिवसांवर होती, आणि बुश कुरियरमध्ये होते. कंपनीत माझ्या हाताखालच्या पोराने असा नग पुढे ढकलला असता, तर मी त्याला उभा केला असता.

घरी येताना तिसाच्या वर नेली नाही.

९ मार्च, रविवार

कुरियर आलं. जुने बुश दाबून काढले, नवे बसवून रीमर फिरवला. झोल आता हाताला कळत नाही. गाडी वळणावर लगेच ऐकते. मला वाटत होतं मीच म्हातारा झालोय.

वाचनात आलं, ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, फारसा फेरबदल केलेला नसेल तर, दरवर्षीची एमओटी तपासणीच माफ आहे. गाडी रस्त्यालायक ठेवायची जबाबदारी मात्र मालकावर कायम. सहा मार्चच्या आधी वाचलं असतं तर किती छान सोय म्हटलं असतं. सहा मार्चला मैदानात मी काय केलं ते बघता, माझ्यासारख्याच्या हातात ती सोय नको.

१६ मार्च, रविवार

पसरणी घाट. वाईतून वर पाचगणीपर्यंत, तिथे चहा, आणि मुख्य काम उतरताना. टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक जवळजवळ नाहीच, सगळा भार ड्रमवर. मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक धरून-सोडून उतरलो.

घाटाच्या आधी सपाटीवर: १३.३. खाली आल्यावर लगेच: १७.८. ड्रमवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र. दहा मिनिटं थांबून: १४.०. मूठ अर्धा इंच जास्त आत जात होती. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो. पुढच्या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, आणि पारशी पॉइंटच्या फोटोवाल्यांच्या मागे लागायचं नाही.

३० मार्च, रविवार

पाडवा. हार टाकीला. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बुक केली, जीएसटी धरून ५३१ रुपये. जुनी हाताने रंगवलेली पाटी मामांनी मागून घेतली.

२६ मे, सोमवार

पाऊस या वर्षी मे महिन्यातच कोसळतोय. संध्याकाळी कामावरून येताना रस्त्यावर वीतभर पाणी. पुढे रिक्षा थांबली, ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. एक, दोन, मग कुठे धरलं. रिक्षाच्या मागच्या पत्र्यापासून हातभर अंतर.

घरी न जाता तसाच कालव्याच्या रस्त्यावर गेलो. भिजतच रेघ मारली. खडू टिकेना, वीट घेतली. ड्रममध्ये पाणी असताना मीटरवरच्या चाळीसला:

१९.६, १५.२, १३.८.

पहिला थांबा घसरतो, मग लायनर वाळतात. या गाडीची जेवढी तपासणी झाली, माझी आणि साहेबांचीही, ती सगळी कोरड्यात. नोव्हेंबर ते मार्च.

वहीत नवा रकाना पाडला: ओला ब्रेक, पहिला थांबा. उद्यापासून पाण्यातून बाहेर आलं की दहा पावलं ब्रेक हलका धरून चालवायचं. ड्रमच्या झाकणाची कड वाकली आहे का ते रविवारी बघायचं, पाणी तिथूनच शिरत असणार.